मताचा हक्क आणि मताची व्यवस्था



एक प्रश्न आज आपणापुढे ठेवावयाचा आहे. सरकारने कायदा केला, कायद्यात अमुक समाजाला मताचा हक्क आहे असे लिहिले, आणि तो कायदा छापून प्रसिद्ध झाला. एवढ्याने त्या समाजाला हक्क मिळाला असे म्हणता येईल काय? आपल्यापैकी पुष्कळजण 'होय' म्हणतील. ज्यांच्या आजा-पणजांना पाणवठ्यावर उभे राहण्याची मुभा नव्हती, त्यांना कायद्यातली एक ओळही मोठी वाटते, आणि ती मोठी आहेच. परंतु हक्क लिहून देणे आणि हक्क वापरता येईल अशी व्यवस्था करणे ही दोन वेगळी कामे आहेत. दुसरे काम करणाऱ्याची नीती कशी ओळखावी, हा आजच्या लेखाचा विषय आहे.

उदाहरण दूरच्या देशाचे घेतो, कारण विधिमंडळात राखीव जागा मिळण्याचा अनुभव तिथल्या लोकांना आपल्या आधी कितीतरी वर्षे आला. तो देश न्यूझीलंड आणि ते लोक माओरी.

माओरी हे त्या भूमीचे मूळचे रहिवासी. इंग्रज तेथे गेले आणि ६ फेब्रुवारी १८४० रोजी वैतांगी या ठिकाणी इंग्लंडच्या राणीच्या वतीने माओरी सरदारांशी करार झाला. पुढे १८५२ साली इंग्लंडच्या पार्लमेंटने न्यूझीलंडला राज्यघटना दिली. मताचा हक्क कोणाला? एकवीस वर्षे पूर्ण झालेल्या आणि स्वतःच्या नावावर ठराविक किमतीची मालमत्ता असलेल्या किंवा ती भाड्याने घेतलेल्या पुरुषाला. त्या कायद्यात माओरींना मत नाही असे कोठेही लिहिलेले नव्हते. तरीही जवळजवळ सगळे माओरी बाहेर राहिले, कारण त्यांची जमीन टोळीच्या सामायिक मालकीची होती. एकट्या माणसाच्या नावावर सातबारा नाही, म्हणून मत नाही. कायद्याची भाषा सर्वांना सारखी, आणि कायद्याचा परिणाम एका समाजाला दाराबाहेर ठेवणारा. ही युक्ती आपल्याला अनोळखी नाही. 'मंदिर सर्व हिंदूंना खुले आहे' असे म्हणून आपल्याला पायरीवर थांबवणारे आपण पाहिले आहेत.

१८६० नंतर जमिनीवरून लढाया पेटल्या. १८६३ च्या कायद्याने सरकारने माओरींची जमीन जप्त करण्यास आरंभ केला, आणि एकूण सुमारे १२ लाख हेक्टर जमीन जप्त झाली. याच लढायांच्या धामधुमीत, १८६७ साली, माओरी प्रतिनिधित्वाचा कायदा आला. डोनाल्ड मॅकलीन या सभासदाने तो मांडला. त्याने माओरींसाठी चार स्वतंत्र जागा निर्माण केल्या. तीन उत्तर बेटावर आणि एक दक्षिणेत. एकवीस वर्षांवरील प्रत्येक माओरी पुरुषाला मत मिळाले, मालमत्तेची अट राहिली नाही. गोऱ्या पुरुषांना असे सरसकट मत १८७९ साली मिळाले. म्हणजे मालमत्ता नसलेल्या गोऱ्या मजुराच्या बारा वर्षे आधी माओरी मतदार झाला. ही गोष्ट खरी आहे आणि ती लपविण्याचे कारण नाही.

परंतु देणाऱ्यांच्या मनात काय होते तेही पाहिले पाहिजे. युद्धात सरकारच्या बाजूने उभ्या राहिलेल्या माओरींना काही द्यावे आणि विरोधकांना शांत करावे, हा एक हेतू. माओरींना सामान्य मतदारसंघांत मत दिले तर उत्तर बेटावरच्या काही भागांत त्यांची संख्या गोऱ्यांना भारी पडेल, ही भीती दुसरी. हा कायदा पाच वर्षांपुरताच होता. तोपर्यंत जमीन न्यायालय टोळ्यांच्या सामायिक जमिनींचे तुकडे करून एकेकाच्या नावावर लावील, मग माओरी आपोआप सामान्य मतदार होतील आणि या जागा संपतील, असा हिशेब होता. हिशेब चुकला. १८७२ साली मुदत वाढवावी लागली आणि १८७६ साली मुदतीची अट काढून टाकावी लागली. जागा मात्र चारच राहिल्या. त्या काळी लोकसंख्येच्या प्रमाणात जागा दिल्या असत्या तर माओरींना १४ ते १६ मिळाल्या असत्या.

आता निवडणूक कशी घेतली ते पाहा. १८६८ साली पहिली निवडणूक झाली. दक्षिण माओरी मतदारसंघ म्हणजे सबंध दक्षिण बेट, क्षेत्रफळाने आपल्या महाराष्ट्राच्या जवळपास निम्मे. एवढ्या मुलखात एक प्रतिनिधी. रीत अशी की ठरलेल्या ठिकाणी लोकांनी जमावे, उमेदवारांची नावे सुचवावीत आणि हात वर करून निवड करावी. कोणी मागणी केली तरच पुढे प्रत्यक्ष मतदान. उत्तरेतून फ्रेडरिक नेने रसेल, पश्चिमेतून मेते किंगी, पूर्वेतून तारेहा ते मोआनानुई आणि दक्षिणेतून जॉन पॅटरसन हे चार सभासद निवडून आले. त्यांच्यातील काहींना इंग्रजी येत नव्हते. सभागृहाचे कामकाज इंग्रजीत चाले. त्या सभागृहात उठून बोलणारे पहिले माओरी तारेहा, आणि ते आपल्या भाषेत बोलले. सत्तरहून अधिक गोऱ्या सभासदांमध्ये चार माणसे, आणि त्यांचे बोलणे दुभाष्याच्या तोंडून पोहोचायचे. हे चित्र डोळ्यांपुढे आणा म्हणजे 'प्रतिनिधित्व' या शब्दाचे वजन कळेल.

हात वर करून मत देणे त्या काळात गोऱ्यांनाही लागू होते, हे खरे. पण १८७० साली गोऱ्यांसाठी गुप्त मतदान सुरू झाले. माओरींसाठी? माओरी मतदाराने केंद्रावर जावे, अधिकाऱ्यासमोर तोंडाने उमेदवाराचे नाव सांगावे, आणि अधिकाऱ्याने ते लिहून घ्यावे. ही पद्धत १९३७ पर्यंत चालली. कायद्याने माओरींना गुप्त मतदान दिले ते १९३७ साली, आणि ते प्रथम वापरले गेले १९३८ च्या निवडणुकीत. मध्ये सदुसष्ट वर्षे गेली.

मतदारयादीचेही तसेच. गोऱ्यांच्या याद्या आरंभापासून होत्या. माओरी मतदारांची यादी प्रथम वापरली गेली १९४९ साली. यादी नसली की काय होते? आलेला माणूस मतदार आहे की नाही हे टेबलावर बसलेल्याच्या मर्जीवर जाते. खऱ्या मतदाराला परत पाठवता येते. उलट 'हे लोक दोनदा मते देतात' असा आरोपही करता येतो, आणि तो खोटा ठरवायला त्यांच्या हाती कागद नसतो. मतदानाचा दिवसही वेगळा होता. गोरे एका दिवशी मत देत, माओरी दुसऱ्या दिवशी. दोघांनी एकाच दिवशी मत दिले ते १९५१ साली.

वाचकहो, या सर्व तपशिलांत मताचा हक्क काढून घेणारा एकही कायदा नाही. हक्क कागदावर शाबूत होता. यादी नाही, पडदा नाही, दिवस वेगळा, मुलूख अफाट, जागा चार. हक्काची पाने जागच्या जागी ठेवून त्याची मुळे कापण्याचा हा प्रकार आहे.

आता मूळ प्रश्नाकडे येऊ. ही व्यवस्था करणाऱ्याची नीती कोणत्या मापाने मोजावी? त्यासाठी परक्या तत्त्वज्ञानाकडे जाण्याची गरज नाही. आपल्या धम्मात हे माप आहे.

२५ नोव्हेंबर १९४९ रोजी संविधान सभेतील भाषणात बाबासाहेबांनी सांगितले होते की लोकशाहीची रीत या देशाला नवी नाही. बौद्ध भिक्खुसंघाला ठराव, गणपूर्ती, मतमोजणी हे सर्व नियम ठाऊक होते. विनयपिटकातल्या चुल्लवग्गात मतदानाची सविस्तर व्यवस्था आहे. संघात मतभेद झाला की काड्या वाटून मत घेत. या काड्यांना शलाका म्हणत. शलाका घेण्याचे तीन प्रकार सांगितले आहेत: गुप्तपणे, कानात सांगून आणि उघडपणे. आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे शलाका वाटणारा भिक्खू कसा असावा याचे नियम आहेत. त्याच्या अंगी पाच गुण हवेत. छंदाने, म्हणजे आवडीनिवडीने, तो वाट सोडत नाही. द्वेषाने सोडत नाही. मोहाने, म्हणजे अज्ञानाने, सोडत नाही. भयाने सोडत नाही. आणि कोणाची शलाका घेतली गेली, कोणाची राहिली, याचा त्याला चोख हिशेब असतो. संघाने मत देणाऱ्यांबरोबर मत घेणाऱ्याचीही परीक्षा ठेवली होती. अडीच हजार वर्षांपूर्वीच्या या नियमात फार मोठे शहाणपण आहे.

हे माप न्यूझीलंडच्या राज्यकर्त्यांना लावून पाहा. छंद: जमीन आपल्या माणसांना मिळावी म्हणून मतदाराची व्याख्याच अशी केली की सामायिक जमिनीचा मालक बाहेर पडावा. द्वेष: ज्यांच्याशी लढाई झाली त्यांची जमीन जप्त करायची आणि त्याच हाताने मतपेटी पुढे करायची. भय: हे लोक संख्येने भारी पडतील, म्हणून चौदा-सोळाच्या ठिकाणी चार. आणि मोह: या लोकांना लिहिता-वाचता येत नाही, म्हणून त्यांना तोंडीच मत देऊ द्यावे, ही समजूत.

या मोहाबद्दल दोन शब्द अधिक लिहितो, कारण तो आपल्याही वाट्याला आलेला आहे. माओरी अडाणी होते काय? १८६२ साली वायकातोत माओरींनी स्वतःच्या छापखान्यावर, स्वतःच्या भाषेत 'ते होकिओई' नावाचे वृत्तपत्र काढले होते. वृत्तपत्र चालविणाऱ्या समाजाला मतपत्रिका वाचता येणार नाही असे मानणे हा मोह नाही तर काय? आणि क्षणभर धरून चालू की पुष्कळांना वाचता येत नव्हते. मग उपाय काय? १९५१-५२ साली भारतात पहिली सार्वत्रिक निवडणूक झाली तेव्हा येथील बहुसंख्य मतदार निरक्षर होते. त्यांना कोणी 'अधिकाऱ्याच्या कानात सांगा' म्हटले नाही. प्रत्येक उमेदवाराला चिन्ह दिले, प्रत्येकाची वेगळी पेटी ठेवली, पेटीवर चिन्ह लावले, आणि माणसाने पडद्याआड जाऊन मत टाकले. निरक्षराचेही मत गुप्त राहिले. व्यवस्था करणाऱ्याच्या मनात मतदाराविषयी आदर असला की उपाय सापडतो. आदर नसला की सबब सापडते.

येथे कोणी म्हणेल, 'गोऱ्या गरिबांच्या आधी मत मिळाले, राखीव जागा मिळाल्या, मग माओरींनी उपकार मानायला नकोत काय?' असे बोलणे आपणही ऐकत आलो आहोत. 'तुम्हाला सवलती दिल्या, अजून काय पाहिजे?' याचे उत्तर शांतपणे दिले पाहिजे. दानाचे उपकार मानतात. ज्याची जमीन घेतली, ज्याच्यावर कायदे लादले, त्याला त्या कायद्याच्या सभागृहात बसण्याची जागा देणे हे दान नव्हे. तो त्याचा वाटा आहे. वाटा अपुरा असेल तर घेणाऱ्याने तो नाकारावयाचा की घेऊन पूर्ण करावयाचा, एवढाच विचार उरतो.

माओरींनी काय केले? सर्वांचे मत एक नव्हते. काही टोळ्या या निवडणुकांपासून दूर राहिल्या. काहींनी १८९२ पासून आपली वेगळी संसद भरविली, तिला कोताहितांगा म्हणजे ऐक्य म्हणत. १८९३ साली त्या संसदेपुढे मेरी ते ताई मंगाकाहिया नावाची भगिनी उभी राहिली. आम्ही बायका जमिनीच्या मालकिणी आहोत, तेव्हा आम्हाला मत द्या आणि या सभेत बसण्याचा हक्कही द्या, असे तिने मागितले. त्याच वर्षी न्यूझीलंडच्या कायद्याने स्त्रियांना मत दिले आणि त्यात माओरी स्त्रियाही आल्या. भगिनींनो, हे नाव लक्षात ठेवा. तिने मागणी केली ती परक्या सरकारपुढेच नव्हे, आपल्या पुरुषांच्या सभेपुढेही. घरच्यांकडे हक्क मागायला अधिक धैर्य लागते.

पुढे रताना नावाच्या माओरी धर्मपुरुषाची चळवळ उभी राहिली. तिने चारही जागा जिंकण्याचा निश्चय केला. १९३२ साली एरुएरा तिरिकातेने निवडून आले आणि १९४३ पर्यंत चारही जागा त्या चळवळीकडे आल्या. ज्या चार जागा तोंड बंद ठेवण्यासाठी दिल्या होत्या, त्याच संघटनेचे साधन झाल्या. १९८६ साली एका शाही आयोगाने नव्या निवडणूक पद्धतीत या वेगळ्या जागा ठेवू नयेत असे सुचविले. माओरींनी त्या सोडण्यास नकार दिला. १९९३ च्या कायद्याने जागा राहिल्या, आणि जागांची संख्या माओरी यादीतल्या नावनोंदणीशी जोडली गेली. सव्वाशे वर्षे चारवर अडकलेला आकडा १९९६ साली पाच झाला, १९९९ साली सहा आणि २००२ साली सात. प्रत्येक माओरीने यादीत घातलेल्या नावाला आता किंमत आली.

आता आपल्याकडे वळू. बाबासाहेबांनी १९१९ साली साउथबरो समितीपुढे अस्पृश्यांच्या प्रतिनिधित्वाची मागणी मांडली तेव्हापासून त्यांचे लक्ष तपशिलावर होते. प्रतिनिधी किती, मत कोणाचे, मतदारसंघ कोणता? १९३२ च्या ऑगस्टमध्ये स्वतंत्र मतदारसंघ मिळाले आणि २४ सप्टेंबरला पुणे करारात ते सोडावे लागले. त्याऐवजी संयुक्त मतदारसंघात १४८ राखीव जागा आल्या. या कराराचे दुःख आपण जाणतो. प्रतिनिधी आपला, पण त्याला निवडणारी बहुसंख्य मते दुसऱ्यांची. माओरींना स्वतंत्र मतदारसंघ होते, पण जागा फार थोड्या. आपल्याला जागा अधिक मिळाल्या, पण मतदारसंघ आपला राहिला नाही. दोन्हीकडे हक्काचा एक हात बांधलेला होता. संविधानाने मात्र जागा लोकसंख्येच्या प्रमाणात ठरविल्या. जी गोष्ट कलम ३३० मध्ये १९५० साली आली, ती माओरींना १९९३ साली मिळाली. मुदतीची गोष्ट मात्र दोन्हीकडे सारखी. तेथे पाच वर्षे, येथे कलम ३३४ प्रमाणे दहा वर्षे. तीही वाढत गेली, आणि २०१९ च्या १०४ व्या घटनादुरुस्तीने २०३० पर्यंत आली. समाजातील विषमता दहा वर्षांत संपेल हा हिशेब येथेही चुकला.

आणखी एक गोष्ट नवदीक्षित कुटुंबांनी विसरू नये. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपुरात दीक्षा घेणाऱ्यांना आणि त्यांच्या मुलाबाळांना केंद्राच्या यादीत अनुसूचित जातीचे स्थान परत मिळाले ते १९९० साली. मधल्या चौतीस वर्षांत कागदावर 'बौद्ध' लिहिणे म्हणजे हातचे काही सोडणे होते. तरी ज्यांनी लिहिले त्यांनी आपल्या नावाची किंमत मोजून लिहिले. आज ती किंमत मोजावी लागत नाही. मग जनगणनेच्या वेळी दारात आलेल्या माणसाला धर्म सांगताना जीभ का अडखळावी?

आम्हा शिक्षकांना निवडणुकीच्या कामावर नेमतात. मीही मतदान केंद्रावर बसलो आहे. तेथे एक दृश्य वारंवार दिसते. नवरा बायकोच्या मागोमाग पडद्याआड जाऊ पाहतो. 'तिला कळत नाही, साहेब, मी दाबून देतो.' नियम असा आहे की अंध किंवा अपंग मतदाराला चिन्ह ओळखता वा बटण दाबता येत नसेल, तरच सोबती आत नेता येतो, आणि त्या सोबत्यालाही मत गुप्त ठेवण्याचे लिहून द्यावे लागते. धडधाकट बायकोला सोबती लागत नाही. मी नवऱ्याला बाहेर थांबवतो. तो रागावतो. तो आपल्याच वस्तीतला असला तर अधिक रागावतो. 'तिला कळत नाही' हे वाक्य माओरींबद्दल गोऱ्या अधिकाऱ्याने म्हटले तर आपल्याला चीड येते. घरात आपण म्हटले तर चीड का येऊ नये? मोह हा मोहच, मग तो गोऱ्याच्या मनात असो की बौद्धाच्या.

म्हणून सांगतो, धम्म वंदनेत आहे तसा मतदारयादीतही आहे. पंचशील म्हणताना आपण खोटे न बोलण्याचे आणि न दिलेले न घेण्याचे व्रत घेतो. बायकोचे, सुनेचे, म्हाताऱ्या आईचे मत आपल्या बोटाने दाबणे म्हणजे न दिलेले घेणे आहे. अदिन्नादान यापेक्षा वेगळे काय असते?

यंदा आपल्या वस्तीत एवढे करा. बुद्धविहारात मतदारयादी आणून मोठ्याने वाचा. अठरा वर्षांची झालेली प्रत्येक मुलगी तीत आहे काय ते पाहा. लग्न होऊन आलेल्या सुनेचे नाव माहेरच्या यादीतून इकडे आले काय ते पाहा. मजुरीसाठी बाहेरगावी गेलेल्याचे नाव कोणी वगळले तर नाही ना, ते पाहा. राहिलेल्या नावांचे अर्ज तेथेच बसून भरा. हे काम ज्याला द्याल तो शलाका वाटणाऱ्या भिक्खूसारखा असू द्या. आवड, द्वेष, अज्ञान आणि भय या चारांपासून दूर, आणि हिशेबाला चोख. मग मतदानाच्या दिवशी प्रत्येकजण एकटा पडद्याआड जाऊ द्या, आणि संध्याकाळी घरी आल्यावर कोणी कोणाला 'कोणाला दिलेस?' असे विचारू नका.

जय भीम!